पिशवी काढायच्या आधी

मैत्रिणींनो, आपण बायका एकमेकींना काय काय सांगत असतो! लोणच्याला बुरशी धरू नये म्हणून बरणी कशी वाळवावी, ज्वारीला सोंडे लागू नयेत म्हणून कणगीत कडुलिंबाचा पाला कसा घालावा, धाकट्याच्या खोकल्यावर अडुळशाचा काढा किती आटवावा. पण एक गोष्ट अशी आहे, की ती आपण जावेलाही सांगत नाही आणि बहिणीलाही सांगत नाही. "अंगावरून जातंय" एवढे दोन शब्द तोंडातून निघायला आपल्याला वर्षं लागतात. आणि निघतात तेव्हा ते थेट दवाखान्यात, घाबरून, नवऱ्याच्या नाहीतर सासूच्या आडोशाला उभं राहून.

आज मी त्याच विषयावर लिहिणार आहे. संकोच वाटतो, नाही असं नाही. पण न बोलण्यामुळे आमच्या घरात जे घडलं, ते तुमच्या घरात घडू नये, म्हणून हा खटाटोप.

मी बीड जिल्ह्यातल्या केज तालुक्यातली सून. प्राथमिक शाळेत शिक्षिका. आमचे हे डी.एड. करून मास्तर झाले. धाकट्या भाऊजींच्या वाट्याला मात्र थोडी कोरडवाहू जमीन आणि कोयता आला. आमच्याकडे नवरा-बायकोची जोडी मिळून "एक कोयता" मोजतात, हे तुम्हांला ठाऊक असेलच. दसरा-दिवाळी झाली की मुकादमाकडून उचल घ्यायची, भांडीकुंडी ट्रकात टाकायची आणि निघायचं, कधी कोल्हापूरकडे, कधी कर्नाटकात. परत यायचं ते पाडव्याच्या पुढे-मागे. पहाटे चारला उठून फडात जायचं, दिवसभर तोडायचं, मोळ्या बांधायच्या आणि त्या डोक्यावर घेऊन ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर चढायचं. राहायला फडाशेजारी पाचटाची कोपी. अंघोळीला आडोसा नाही. पाळीच्या दिवसांत धुतलेला कपडा वाळवायला जागा नाही. एक दिवस आजारी म्हणून बसलं तर खाडा लागतो, म्हणजे पैसे कापले जातात.

माझी धाकटी जाऊ, तिला इथं सुमन म्हणते, लग्न झाल्यापासून असंच करत आली. तिची तीन लेकरं सहा-सहा महिने माझ्यापाशी असायची.

२०११ चा उन्हाळा होता. सुमन फडावरून आली ती वाळून आली. विहिरीवर धुणं धुताना मधेच कंबर धरून बसायची. मी विचारलं तर म्हणायची, "काही नाही अक्का, दमणूक." शेवटी एकदा रात्री अंगणात बाजेवर बसून हळूच म्हणाली, "अक्का, अंगावरून लई जातंय. वासबी येतो. कुणाला सांगू नका."

मी शिकलेली बाई. मी काय करायचं? मी तिला दवाखान्यात नेलं. तालुक्याच्या ठिकाणचा एक खासगी दवाखाना, नाव कशाला सांगू. डॉक्टरांनी सोनोग्राफी केली, पडद्याकडे बघितलं आणि म्हणाले, "पिशवी खराब झालीय. ठेवली तर कॅन्सर होईल. मुलं झालीत ना? मग काय करायची ठेवून?"

कॅन्सर हा शब्द कानावर पडला की माणसाचं डोकं चालेनासं होतं. सुमनने माझ्याकडे बघितलं. "अक्का, तुमी म्हणाल तसं."

आणि मी म्हणाले, "काढून टाकू बाई. पुढं ताप नको."

तेव्हा तिचं वय २९ वर्षांचं होतं.

ऑपरेशनचा खर्च भाऊजींनी मुकादमाकडून जादा उचल घेऊन भागवला. कागदावर भाऊजींचा अंगठा आणि साक्षीदार म्हणून माझी सही. ऑपरेशननंतर नर्सने एका ट्रेमध्ये काढलेली पिशवी आणून दाखवली, "बघा, काढली हो." आम्ही बघितली. काय बघितलं, काय कळलं? ती पुढे तपासायला पाठवली की टाकून दिली, हे विचारायचं मला सुचलं नाही. दसऱ्यानंतर सुमन पुन्हा फडावर गेली. उचल वाढली होती ना!

पुढच्या दोन-तीन वर्षांत तिला अंगातून गरम वाफा निघायला लागल्या. झोप उडाली. हाडं दुखायची. पन्नाशीला जे व्हायचं, ते पस्तिशीच्या आत सुरू झालं. पिशवीबरोबर अंडाशयंही काढली की असं होतं, हे मला फार उशिरा कळलं. तिची काढली होती की नाही, ते आमच्याजवळच्या एकाही कागदावर नाही.

२०१९ साली वर्तमानपत्रांतून बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्यांच्या बातम्या आल्या, त्या तुम्ही वाचल्या असतील. राज्य सरकारने समिती नेमली. नीलम गोऱ्हे तिच्या अध्यक्ष होत्या. जिल्ह्यात घरोघर पाहणी झाली. ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची माहिती घेतली, तेव्हा १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. म्हणजे सहा जणींमागे एक! पाहणीसाठी बाई आमच्याही दारात आल्या. सुमनने नाव सांगितलं, वय सांगितलं. "कशामुळं काढली?" असं विचारल्यावर तिने माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, "कॅन्सर होईल म्हणाले होते." त्यांनी लिहून घेतलं आणि त्या पुढच्या घरी गेल्या.

तुम्ही म्हणाल, झालं ते झालं, आता उगाळून काय उपयोग? मीही तसंच म्हणाले असते. पण त्याच दिवाळीत मी माहेरी गेले.

माझं माहेर उस्मानाबाद जिल्ह्यातलं. आता धाराशिव म्हणायचं. आमच्याकडून निघालं आणि मांजरा नदी ओलांडली की तो जिल्हा लागतो. भाऊबीज आटोपल्यावर मी आणि वहिनी करंज्यांचे डबे भरत बसलो होतो. बीडच्या बातमीचा विषय निघाला. मी सुमनचं सगळं सांगितलं. वहिनी गप्प झाली. मग म्हणाली, "वन्सं, मलाबी २००१ साली सांगितलं होतं की त्या जागी काहीतरी हाये. पण माझी पिशवी नाही काढली कुणी."

मी करंजी हातातच धरून ऐकत राहिले.

झालं होतं असं. गावात नर्सबाई आल्या होत्या. तिशी ते साठीच्या आतल्या बायकांना एकत्र बोलावून त्यांनी समजावून सांगितलं. मग एकेकीला आत घेऊन गर्भाशयाच्या तोंडावरून एका बारक्या ब्रशने नमुना घेतला. "टाका नाही, दुखणं नाही, पाच मिनिटांचं काम," वहिनी म्हणाली. तो नमुना बार्शीला गेला. काही दिवसांनी निरोप आला, की तुमच्या नमुन्यात जंतू सापडलाय, बार्शीला तपासायला या. बार्शीच्या नर्गिस दत्त स्मारक कॅन्सर रुग्णालयात दुर्बिणीतून तपासलं. एका जागी शंका होती. तेवढी जागा गोठवून टाकली. त्याच दिवशी वहिनी घरी आली. "महिनाभर पाणी जात होतं, मग थांबलं." तेव्हा ती ३८ वर्षांची होती. आज साठी ओलांडून सुनांच्या बरोबरीने खुरपायला जाते.

"मग हे मला कधी सांगितलं का नाहीस?" मी विचारलं.

"तसलं काय सांगायचं वन्सं!"

बघा मैत्रिणींनो. नदीच्या अलीकडे एक, पलीकडे एक. मधे होतं ते फक्त न बोलणं.

मला काही स्वस्थ बसवेना. माझी एक जुनी विद्यार्थिनी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. तिला मी भंडावून सोडलं. ती म्हणाली, "बाई, तुमच्या वहिनी ज्या तपासणीत होत्या ना, ती जगभर शिकवतात!" मला आधी खरं वाटेना. पण खरंच आहे ते.

टाटा मेमोरियल केंद्र, बार्शीचं हे रुग्णालय आणि फ्रान्समधल्या लिओन इथली जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून १९९९ साली उस्मानाबाद जिल्ह्यात हे काम सुरू केलं. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया त्यात होत्या. गावांचे ५२ गट पाडून ते चार प्रकारांत वाटले. एका प्रकारात जंतूची डीएनए तपासणी. दुसऱ्यात पॅप तपासणी, म्हणजे पेशी काचेवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली बघणं. तिसऱ्यात ॲसिटिक ॲसिडचं पाणी लावून नुसत्या डोळ्यांनी बघणं. ॲसिटिक ॲसिड म्हणजे आपल्या स्वयंपाकातल्या व्हिनेगरचंच आम्ल हो. बिघडलेली जागा त्याने मिनिटाभरात पांढरी दिसते. आणि चौथ्या प्रकारातल्या बायकांना नेहमीची सरकारी व्यवस्था.

आठ वर्षं या सगळ्या बायकांवर लक्ष ठेवलं. निकाल २००९ च्या एप्रिलमध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन या अमेरिकेतल्या नावाजलेल्या नियतकालिकात छापून आला. डीएनए तपासणीच्या गटात या कॅन्सरने ३४ मृत्यू झाले, चौथ्या गटात ६४. जवळजवळ निम्मे! आणि तेही आयुष्यात एकदाच केलेल्या तपासणीने. बाकीच्या दोन पद्धतींनी एका फेरीत मृत्यूंत ठळक फरक पडला नाही. आणखी एक गोष्ट मला फार मोलाची वाटली. ज्या बायकांची डीएनए तपासणी "जंतू नाही" अशी आली, त्यांच्यात पुढे कॅन्सर निघण्याचं प्रमाण वर्षाला लाखात ३.७ होतं. पॅपमध्ये "ठीक" ठरलेल्यांत ते १५.५ होतं. म्हणजे ही तपासणी "नाही" म्हणाली, की बाईने बरीच वर्षं निर्धास्त झोपावं.

त्या चौथ्या गटावरून पुढे वादही झाला. त्या बायकांना नुसतं पाहत ठेवणं बरोबर होतं का, असं काही डॉक्टरांनी विचारलं. ते ६४ आकडे वाचताना माझ्याही पोटात कालवलं. त्यांतल्या काही जणी माझ्या माहेरच्या पंचक्रोशीतल्या असतील. त्यांच्या जिवावर आपल्याला हे शहाणपण मिळालंय. ते वापरायचं नाही, तर काय करायचं?

तारीख बघा मात्र. निकाल छापून आला २००९ मध्ये. मी सुमनच्या कागदावर सही केली २०११ मध्ये.

आता हा जंतू कोणता, आणि डीएनए तपासणी म्हणजे नेमकं काय, ते मला समजलं तसं सांगते.

गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर होतो तो ह्यूमन पॅपिलोमा नावाच्या विषाणूमुळे. थोडक्यात एचपीव्ही. त्याच्या शंभरावर जाती आहेत. त्यांतल्या डझनभर धोक्याच्या, आणि त्यांतही १६ आणि १८ क्रमांकाच्या दोन जाती मिळून सुमारे ७० टक्के कॅन्सर घडवतात. हेराल्ड त्सुर हाउझेन नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने त्या १९८३ आणि १९८४ साली शोधल्या. २००८ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. त्यांनी १८ नंबरचा विषाणू कुठे कुठे शोधला, ठाऊक आहे? हेन्रिएटा लॅक्स नावाच्या एका काळ्या अमेरिकन बाईच्या पेशींत. तंबाखूच्या शेतात राबलेली, पाच लेकरांची आई. १९५१ साली ती याच कॅन्सरने गेली, आणि तिच्या पेशी तिला न विचारता प्रयोगशाळेत वाढवल्या गेल्या. शेतात राबणाऱ्या बाईला न विचारणं काही आपल्याच गावची रीत नाही, एवढंच मनात आलं.

एरवी घशातले, लघवीतले जंतू ओळखायचे तर ते बशीत वाढवतात. आपण दुधाला विरजण लावतो ना, तसंच. पण हा विषाणू असा नेहमीच्या रीतीने प्रयोगशाळेत वाढत नाही. साध्या सूक्ष्मदर्शकाखालीही दिसत नाही. दिसतो तो त्याने बिघडवलेला पेशींचा आकार, आणि तो ओळखायला सरावलेली नजर लागते. म्हणून त्याचा पत्ता लावायचा तो त्याच्या डीएनएवरून.

डीएनए म्हणजे दोन पदरी साखळी. माझी विद्यार्थिनी म्हणाली, "बाई, ब्लाउजची हुकं आणि काजं आठवा." एका पदराला हुकं, दुसऱ्याला काजं, आणि क्रम असा, की एका ब्लाउजची पट्टी दुसऱ्याच ब्लाउजच्या पट्टीला लावायला गेलात तर बसायची नाही. नमुन्यात औषध घालून आधी ही जोडी उघडतात. मग प्रयोगशाळेत तयार केलेली, धोक्याच्या जातींच्या मापाची पट्टी त्यात सोडतात. विषाणू असेल तर त्याच्या पट्टीला ही पट्टी बरोबर जुळते, नसेल तर तशीच मोकळी राहते. जुळलेल्या जोड्यांवर असं रसायन बसवतात की त्यांतून मंद उजेड निघतो, आणि तो उजेड यंत्र मोजतं. उस्मानाबादमध्ये वापरली ती हीच पद्धत.

दुसरी पद्धत आपल्या सगळ्यांच्या ओळखीची, करोनामुळे तोंडी बसलेली, पीसीआरची. तिच्यात विषाणूच्या डीएनएच्या एका तुकड्याच्या प्रती काढत जातात. एकाचे दोन, दोनाचे चार, चाराचे आठ. असं ३० वेळा दुप्पट केलं की किती होतात, पोरांना गणित घालून बघा. १०७ कोटींहून जास्त! चिमूटभर विषाणू असला तरी मग तो लपून राहत नाही. क्षयाच्या थुंकीची तपासणीही आता याच मार्गाने दोनेक तासांत होते. शिवाय एक महत्त्वाचं औषध त्या जंतूला लागू पडेल की नाही, तेही त्यातच कळतं.

आता सावधगिरीचे दोन शब्द. नाहीतर माझा लेख वाचून कोणी नव्याने घाबरायची!

तपासणीत विषाणू सापडला म्हणजे कॅन्सर झाला, असं मुळीच नाही. हा विषाणू नवरा-बायकोच्या संबंधांतून येतो आणि बहुतेक सगळ्यांना आयुष्यात कधी ना कधी लागून जातो. दहांतल्या नऊ जणींच्या अंगातून तो दोनेक वर्षांत आपोआप निघून जातो. म्हणूनच तिशीच्या आतल्या मुलींची ही तपासणी सहसा करत नाहीत. ज्या थोड्याजणींत तो ठाण मांडून बसतो, त्यांच्यात पुढे दहा-पंधरा-वीस वर्षांनी कॅन्सर होऊ शकतो. एवढा वेळ हाताशी असतो! तेवढ्यात नुसती ती जागा गोठवून किंवा जाळून संकट टळतं. पिशवी काढावी लागत नाही.

आणि हो, तो सापडला म्हणून कोणी कोणावर संशय घ्यायचं कारण नाही. वीस वर्षांपूर्वीचाही असू शकतो. ना बाईच्या चारित्र्याचा तो दाखला, ना नवऱ्याच्या. अर्ध्या गावाला सर्दी होते तेव्हा आपण कोणाला बोल लावतो का?

तिसरी गोष्ट. पांढरं जाणं, वास येणं, खाज येणं हे बहुतेक वेळा साध्या जंतुसंसर्गाने होतं आणि गोळ्यांनी बरं होतं. सुमनचं तसंच असावं, असं मला आता फार वाटतं. पण संबंधांनंतर रक्त जाणं, दोन पाळ्यांच्या मधे जाणं, पाळी बंद होऊन वर्ष झाल्यावर पुन्हा जाणं, यांतलं काही असेल तर कोणत्याही तपासणीच्या फेरीची वाट पाहू नका. लगेच स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा. भारतात २०२२ साली सुमारे सव्वा लाख बायकांना हा कॅन्सर झाला आणि ८० हजारांच्या घरात बायका त्याने गेल्या, असा जागतिक अंदाज आहे. म्हणजे भीती खोटी नाही. भीतीच्या नावाखाली न तपासता कापाकापी करणं खोटं आहे.

पिशवी काढावीच लागते असेही आजार असतात. मोठ्या गाठी, औषधांना दाद न देणारा रक्तस्राव, आणि कॅन्सर असेल तर तोही. डॉक्टरांवर सरसकट अविश्वास ठेवा, असं मी सांगत नाही. विचारा, एवढंच सांगते.

२०२४ च्या दिवाळीच्या सुट्टीत मी स्वतः ही तपासणी करून घेतली. चोपन्नाव्या वर्षी, पहिल्यांदा! इतकी वर्षं दुसऱ्यांच्या पोरींना "स्वच्छता हेच आरोग्य" शिकवलं, आणि स्वतःचं काय? शहरात जाऊन नमुना दिला. खरंच पाच मिनिटं. "विषाणू आढळला नाही" असा कागद आला, तो घेऊन मी घरी आले. सुमन ज्वारी निवडत बसली होती. तिला कागद दाखवला, सगळं समजावलं. हुकं-काजं, वहिनी, बार्शी, सगळं.

तिने नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, "अक्का, माझी बी करायची का?"

मी म्हणाले, "तुला आता गरज नाही गं." जी जागा तपासायची, तीच राहिलेली नाही, हे माझ्या तोंडून निघेना. पण ती काय खुळी आहे? तिला समजलं. सुपातले खडे तिने बाजूला टाकले आणि थोड्या वेळाने म्हणाली, "म्हंजे माझी पिशवी चांगली व्हती का?"

मैत्रिणींनो, याचं उत्तर माझ्यापाशी नाही. कोणापाशीच नाही. कारण तेव्हा कोणी तपासलंच नव्हतं. मी तिचा हात धरला आणि म्हणाले, "मी विचारायला पाहिजे होतं सुमन. मी चुकले." ती म्हणाली, "तुमाला तरी कुठं म्हाईत व्हतं?" आणि पुन्हा ज्वारी निवडायला लागली. तिने माफ केलं की नाही, मला अजून माहीत नाही.

म्हणून चार गोष्टी सांगते. हे पान कापून देवघरातल्या पंचांगात ठेवलंत तरी चालेल.

पहिली. तुमचं वय तीस ते पासष्टच्या मधे असेल, तर काही दुखत नसतानाही तपासणी करून घ्या. सरकारच्या २०१६ च्या सूचनांत या वयाच्या बायकांसाठी दर पाच वर्षांनी व्हिनेगरच्या पद्धतीची तपासणी सांगितली आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात, आशाताईंकडे तिची चौकशी करा. तिला कमी लेखू नका. मुंबईत दीड लाख बायकांमध्ये दर दोन वर्षांनी ती केली, तेव्हा मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले, हे टाटा रुग्णालयाच्या डॉक्टरांनी २०१३ मध्ये दाखवलं आहे.

दुसरी. जमत असेल तिथे एचपीव्हीच्या डीएनए तपासणीबद्दल विचारा. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ पासून हीच पहिली पसंतीची तपासणी ठरवली आहे. पस्तिशीपर्यंत एकदा आणि पंचेचाळिशीपर्यंत पुन्हा एकदा प्रत्येक बाईची अशी तपासणी व्हावी, असं तिचं म्हणणं आहे. लाजणाऱ्या मैत्रिणींसाठी एक सांगते. हा नमुना बाईला स्वतःचा स्वतः घेता येतो, हेही त्यांनी मान्य केलं आहे. सध्या ती महाग पडते, खरं आहे. पण गोव्यातल्या आणि पुण्यातल्या कंपन्यांनी बनवलेल्या देशी चाचण्यांची पडताळणी २०२५ मध्ये झाली आहे. महिला मंडळांनी, बचत गटांनी मागणी लावून धरली तर ती गावापर्यंत का येणार नाही? क्षयाची नाही का आली?

तिसरी. कोणी "पिशवी काढा" म्हणालं, तर चार प्रश्न विचारल्याशिवाय सही करायची नाही. कशामुळे काढायची? गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी केली का, आणि तिचा कागद कुठे आहे? औषधाने भागणार नाही का? अंडाशयं ठेवणार की काढणार? मग दुसऱ्या डॉक्टरांचा सल्ला घ्या, शक्यतो सरकारी रुग्णालयात. काढावीच लागली, तर काढलेला भाग तपासायला पाठवायला सांगा आणि तो अहवाल जपून ठेवा. २०१९ नंतर आमच्या जिल्ह्यात खासगी दवाखान्यांना या ऑपरेशनआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यायची अट घातली गेली. ते चांगलंच झालं. पण अटीपेक्षा आपलं तोंड उघडलेलं बरं.

चौथी. मुलींसाठी. या विषाणूवर लस आहे. ती ९ ते १४ या वयात घेतली तर सगळ्यांत चांगली. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने २०२३ मध्ये आपली देशी लसही आणली. सुमनच्या थोरल्या मुलीचं लग्न झालं, तिला तिशीनंतर तपासणीला मी नेणार आहे. धाकट्या नातींच्या लसीचं माझ्या डायरीत लिहून ठेवलंय.

शेवटी एकच. आज रात्री भांडी आवरल्यावर जावेजवळ, नणंदेजवळ, सुनेजवळ घडीभर बसा आणि हा विषय स्वतःहून काढा. पहिल्यांदा जीभ अडेल. माझीही अडली होती. पण माझ्या वहिनीने दहा वर्षं आधी तोंड उघडलं असतं, तर मी त्या दवाखान्यात एक तरी प्रश्न विचारला असता.